खाऱ्या पाण्याच्या गावात दाढी कशी करावी

गेल्या उन्हाळ्यात लग्नाच्या निमित्ताने आमच्याकडे मुक्कामी आलेले माझे साडू सकाळी ओसरीच्या खांबाला आरसा टेकवून दाढीला बसले. पाच मिनिटे ब्रश घासूनही गालावर फेस येईना, तेव्हा ट्यूब उलटसुलट करून पाहत त्यांनी मला विचारले, "भाऊ, ही क्रीम डुप्लिकेट त नाही ना?" ते झाडीपट्टीतले, गोंदिया जिल्ह्यातले, तलावाच्या पाण्याची सवय असलेले. क्रीम अस्सलच होती. मी त्यांच्या पुढ्यातला गडवा उचलून ते पाणी अंगणात ओतले आणि पिण्याच्या कॅनमधले गिलासभर पाणी आणून दिले. त्याच ब्रशवर, त्याच क्रीमचा मुठीएवढा फेस उभा राहिला.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील विहिरींचे व बोअरचे पाणी इतके खारे असते की ते पिकालाही मानवत नाही. मग साबणाला कुठून मानवणार? पट्ट्याबाहेरच्या गावांतही बोअरचे पाणी बहुधा जड असते, आणि ज्या घरात पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर साचतो, त्या घरातील माणसाच्या गालावर साबणाचा फेस टिकत नाही. म्हणून दाढीच्या सामानाविषयी लिहिताना मी सुरुवात पाण्यापासून करतो. बाजारातली कोणतीही वस्तू घेण्याआधी हा प्रश्न सोडवला, तर पुढचा निम्मा खर्च आणि निम्मा जाच वाचतो.

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतो. वाटीच्या कडेला बसणारा करडा चिकट थर तो हाच. जो साबण फेस व्हायला हवा होता, तो या चोथ्यात खर्ची पडतो, आणि गालावर राहिलेल्या पातळ पाण्यावरून ब्लेड घसरण्याऐवजी अडखळते. पाणी उकळल्याने या जडपणाचा एक भाग, म्हणजे भांड्याला पांढरा थर देणारा भाग, खाली बसतो. मात्र मिठाचा खारेपणा उकळल्याने जात नाही. पुष्कळांचा असा समज असतो की पाण्यात तुरटी फिरवली की ते हलके होते. तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते, एवढेच; क्षार होते तसेच राहतात.

उपाय साधा आहे. दाढीला खरे पाहता एक गिलास पाणी पुरते. आता बहुतेक गावांत आरओचे पाणी कॅनने मिळते, त्यातले गिलासभर पाणी फेसासाठी आणि शेवटी ब्लेड विसळण्यासाठी बाजूला काढावे. तोंड धुण्यासाठी हवे तर बोअरचे पाणी वापरावे. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरींनी टिनाचे छप्पर धुऊन निघाल्यावर पन्हाळीखाली धरलेले पाणी दाढीसाठी उत्तम असते, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आमच्या आबाजींनी त्यासाठी एक स्वतंत्र मातीचा माठ ठेवला होता आणि त्या माठाला घरातले दुसरे कोणी हात लावत नसे.

साबण, क्रीम की फोम

दाढीचा गोल साबण, ट्यूबमधली क्रीम आणि डब्यातला फोम या तिन्हींचे काम एकच आहे: केसाला धरून ठेवलेले पाणी उडू न देणे आणि ब्लेड व कातडी यांच्यामध्ये निसरडा थर राखणे. साबण सर्वांत स्वस्त पडतो आणि एक वडी महिनोन्महिने चालते, पण त्याला चांगले पाणी आणि चांगला हात लागतो. क्रीम त्यापेक्षा सोपी असते. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते, आणि जाहिरातीत दाखवतात तशी बोटभर लांब रेघ ब्रशवर काढण्याची काहीही गरज नसते. फोमच्या डब्यात पाणी कारखान्यातच मिसळलेले असते, त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या गावातही तो फुलतो, आणि हाच त्याचा खरा फायदा होय. त्याचे दोन तोटे आहेत. एक म्हणजे तो महाग पडतो, आणि दुसरा म्हणजे त्या डब्यात दाबाखाली वायू असतो. ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये, अशी सूचना अशा डब्यांवर छापलेली असते. मे महिन्यात आमच्याकडे सावलीत ४५ अंश असतात, तेव्हा टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत हा डबा ठेवणे धोक्याचे आहे. तो खाली, माठाच्या जवळच्या गारव्यात ठेवावा.

अंगाचा साबण गालाला लावून दाढी करणारे गावात खूप आहेत. त्याने दाढी होते, हे खरे; पण तो फेस मिनिटभरात सुकतो आणि अर्धी दाढी कोरड्या गालावर होते. ज्यांच्या गळ्यावर दाढीनंतर लाल पुरळ उठते, त्यांनी आधी एवढी एक गोष्ट बदलून पाहावी.

ब्रशबद्दल थोडेच सांगतो. नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा मऊ ब्रश पुरेसा असतो, तो लवकर सुकतो आणि त्याला वास येत नाही. वापरून झाल्यावर तो गोड्या पाण्यात धुवावा, झटकावा आणि हवेशीर जागी ठेवावा. ओला ब्रश प्लॅस्टिकच्या डबीत बंद करू नये.

रेझर आणि ब्लेड

दोन्ही बाजूंनी धार असलेले पातळ ब्लेड ज्या रेझरमध्ये बसते, त्याला आमच्याकडे अजूनही दाढीची मशीन म्हणतात. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसाला त्याचे पेटंट १९०४ साली मिळाले, आणि तेव्हापासून त्याच्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. माझे मत विचाराल, तर गावात राहणाऱ्या माणसासाठी आजही हीच मशीन सर्वांत शहाणपणाची आहे. एकदा पितळेची किंवा पोलादी मशीन घेतली की ती वीस-तीस वर्षे टिकते, ब्लेड कोणत्याही किराणा दुकानात दोन-चार रुपयांना मिळते, आणि तीन तुकडे मोकळे करून धुता येत असल्याने आत घाण साचत नाही. दोन, तीन किंवा पाच पाती असलेली कार्ट्रिज शहरातल्या नळाखाली झटकन स्वच्छ होतात. मगभर पाण्यात मात्र पात्यांच्या मधल्या फटीत केस आणि साबण अडकून बसतात. ही अडचण कंपन्यांच्याही लक्षात आली होती. २०१० मध्ये भारतात १५ रुपयांना आलेले एकाच पात्याचे जिलेट गार्ड हे रेझर, वाहते पाणी नसलेल्या घरात मगभर पाण्यात दाढी करणाऱ्या माणसांना पाहूनच घडवलेले होते. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना नजर कमी आहे, त्यांनी दुधारी मशीनचा आग्रह धरू नये. असे कंगव्यासारखी आड असलेले एकपाती रेझर त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित असते.

ब्लेड बोथट का होते, याविषयी एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. पोलाद केसापेक्षा कितीतरी पटींनी कठीण असते, तरीही चार-सहा दाढ्यांत त्याची धार जाते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले की कापला जात असताना केस वाकतो आणि पात्याच्या धारेतील दुबळ्या जागेवर असा काही ताण देतो की तिथून पोलादाचा बारीक टवका उडतो. म्हणजे धार झिजते त्याबरोबर ती तुटतेही, आणि अशी दातेरी झालेली धार कातडी खरवडते. आमच्या आबाजींच्या पिढीतली माणसे जुने ब्लेड काचेच्या गिलासाच्या आतल्या अंगाला घासून पुन्हा वापरत. टंचाईच्या काळात ते योग्यच होते. आजच्या ब्लेडच्या धारेवर अतिशय पातळ लेप दिलेला असतो, घासण्याने तो निघून जातो आणि ब्लेड अधिकच ओढू लागते, म्हणून आता ते करू नये.

खाऱ्या पाण्याच्या गावात ब्लेडला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे मीठ. स्टेनलेस म्हटले तरी खाऱ्या पाण्याचा थेंब धारेवर सुकला की तिथे गंज धरतो, डोळ्यांना दिसो वा न दिसो. दाढी झाल्यावर मशीन सैल करून ब्लेड गोड्या पाण्यात विसळावे, झटकावे आणि कोरड्या जागी ठेवावे. कापडाने धार पुसण्याचा मोह टाळावा, कारण त्यात बोटही कापते आणि धारही बिघडते. खोबरेल तेलाचा एक थेंब ब्लेडवर सोडून ठेवला तर पाणी धारेपर्यंत पोहोचत नाही. चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा केस ओढला जात असल्याची पहिली जाणीव होताच, ब्लेड बदलावे. काटकसर क्रीममध्ये करावी, मशीनमध्ये करावी. ब्लेडमध्ये करू नये.

प्रत्यक्ष दाढी

घाईने दाढी करणाऱ्या माणसाचा मुख्य दोष असा असतो की तो केस भिजण्याची वाट पाहत नाही. दाढीचा केस कोरडा असताना ताठ व चिवट असतो, आणि कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजल्यावर तो पाणी पिऊन फुगतो व सहज कापला जातो. म्हणून आंघोळीनंतर लगेच दाढी करणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल, तर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटे गालांवर दाबून धरावा. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचे पाणी आपोआप तापलेले असते. डिसेंबर-जानेवारीत चुलीवरच्या पातेल्यातले घ्यावे, पण चटका बसेल इतके गरम नको, कारण त्याने कातडीचे नैसर्गिक तेल निघून जाते. आमच्या गावच्या सलूनमधले काका घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, "थांबा गा थोडं, केसाले पाणी पिऊ द्या." त्यांच्या हाताखाली कुणाला कापलेले मी क्वचितच पाहिले आहे.

बाजाराच्या दिवसापर्यंत दाढी न करणारे, किंवा वारांचे पथ्य पाळणारे अनेक जण असतात, आणि आठ दिवसांची दाढी थेट ब्लेडने काढू लागले की मशीन केसांनी भरते व केस ओढले जातात. अशा वेळी आधी कात्रीने किंवा ट्रिमरने केस खुरटे करून घ्यावेत आणि मग भिजवावे.

पहिल्यांदा दाढी करणाऱ्या मुलाला मी आरशासमोर उभे करून आधी ब्लेड हातात देत नाही. दोन दिवसांचे खुंट असताना बोटे गालावरून चारही दिशांनी फिरवायला सांगतो. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जाते ती केसांची सुलट, आणि जिथे खरखरते ती उलट. गालावर केस बहुधा वरून खाली वाढतात. गळ्यावर मात्र ते आडवे, तिरके, कंठमण्याच्या खाली कधी कधी चक्क खालून वर वाढलेले असतात. प्रत्येकाचा नकाशा निराळा असतो आणि तो एकदा नीट समजला की जन्मभर उपयोगी पडतो. गळ्यावर कायम पुरळ येणाऱ्या माणसाला बहुधा आपल्या गळ्यावरचे केस कोणत्या दिशेला वाढतात, हेच ठाऊक नसते.

ब्रश गोल गोल फिरवत फेस केसांच्या मुळाशी पोहोचवावा आणि शेवटी वरवर हलके फटकारे देऊन तो सारखा करावा. मशीन दांड्याच्या टोकाकडे धरावी, मुठीत आवळू नये. ब्लेड कातडीशी साधारण ३० अंशांचा कोन करील इतका दांडा कलता ठेवावा आणि मशीनच्या स्वतःच्या वजनावरच ती खाली येऊ द्यावी. दाब द्यावा लागत असेल, तर ब्लेड जुने झाले आहे किंवा केस भिजलेला नाही, असे समजावे. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी: कल्ल्याजवळ वरच्या बाजूला, गळ्यावर खालच्या बाजूला. एकेक ओढ दोन-तीन सेंटिमीटरची असावी, लांब नको, आणि दर दोन-तीन ओढींनंतर मशीन मगमध्ये हलवून धुवावी. सर्वांत टणक केस मिशीखालच्या ओठावर आणि हनुवटीवर असतात, म्हणून ती जागा शेवटी घ्यावी, म्हणजे तिला भिजायला जास्त वेळ मिळतो.

पहिला हात नेहमी सुलट मारावा. अधिक गुळगुळीत हवी असेल, तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा मारावा. उलटा हात मारण्याची हौस लग्नाच्या आदल्या दिवशी पुष्कळांना होते, आणि ज्याचे केस कुरळे आहेत त्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. कातडीच्या पातळीखाली कापला गेलेला कुरळा केस वाढताना पुन्हा आत वळतो, तिथे टणक फोड येतो आणि खाजवल्यावर काळा डाग राहतो. अशा माणसांनी उलटा हात कायमचा सोडावा, एकपाती रेझर वापरावे, किंवा ट्रिमरने खुंट ठेवूनच समाधान मानावे.

वारंवार दाढी केल्याने केस दाट येतात, म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुले रोज कोरड्या गालावर ब्लेड फिरवताना मी पाहिली आहेत. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ महिलेने हे तपासले होते आणि दाढी करण्याने केसांच्या जाडीत किंवा वाढीत फरक पडत नाही, असेच तिला आढळले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो. दाढी किती दाट येणार हे आनुवंशिकतेवर आणि शरीरातील संप्रेरकांवर ठरते, पंचविशी उलटेपर्यंत ती भरत राहते, आणि दाढी उगवण्याच्या तेलाच्या बाटलीवर घातलेले पैसे वाया जातात.

तुरटी आणि त्यानंतरचे

दाढीनंतर थंड पाण्याने तोंड धुऊन ओल्या गालावर तुरटीचा खडा अलगद फिरवणे, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत आहे. तुरटीने कातडी आक्रसते आणि बारीक कापल्याचे रक्त थांबते. खडा फिरवल्यावर मिनिटभर थांबावे आणि पुन्हा चेहरा धुवावा, नाहीतर कातडी कोरडी पडते. तुरटीचा मला दुसराही उपयोग होतो: जिथे ती झोंबते, तिथे आपला हात जड पडला, हे कळते. आठवडाभर रोज कानाखालीच झोंबत असेल, तर त्या जागी कोन चुकतो आहे.

स्पिरिट असलेले आफ्टरशेव्ह झोंबते, वास देते आणि कातडी वाळवते. हिवाळ्यात गाल फुटत असताना ते लावू नये. त्याऐवजी ओलसर गालावर खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरे होतो. जंतुनाशक औषध पाण्यात न मिसळता थेट कापलेल्या गालावर ओतण्याची सवय मात्र सोडावी. त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

खरीप हंगामातली एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. चेहऱ्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा औषध लवकर शोषते, आणि नुकत्याच केलेल्या दाढीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. म्हणून फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नये. आदल्या संध्याकाळी करावी. मात्र दाढी वाढवून फवारणीला जाणेही बरे नव्हे, कारण घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही आणि केसांमधल्या फटींतून फवारा आत येतो. नुसता दुपट्टा तोंडाला बांधणाऱ्यांच्या दाढीत तर औषध भिजून राहते. फवारणी संपवून आल्यावर आधी साबणाने हात, मग चेहरा आणि दाढी धुवावी, आणि त्यानंतरच चहाचा कप हातात घ्यावा.

सलूनमध्ये जाताना

गावच्या न्हाव्याच्या हातात जी सफाई असते, ती आपल्या हाताला येणे कठीण, आणि मला स्वतःला महिन्यातून एकदा त्या खुर्चीवर बसल्याशिवाय करमत नाही. पण तिथेही तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. वस्तऱ्यात बसवायचे अर्धे ब्लेड आपल्यासमोर नव्या कागदातून निघाले पाहिजे. हे आता बहुतेक ठिकाणी पाळले जाते. मानेभोवती लावायचा पंचा स्वच्छ असला पाहिजे. आणि तुरटी, जिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, ती सर्वांना एकच नसावी. ब्लेड नवे, पण एकाच्या रक्ताळलेल्या गालावरून फिरलेला ओला खडा लगेच दुसऱ्याच्या कापलेल्या गालावर, असे सर्रास होते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, हे लक्षात घेतले तर हा खडा सामाईक का नसावा, ते सांगावे लागत नाही. मी खिशात स्वतःचा खडा नेऊ लागलो, तेव्हा काकांना वाईट वाटेल अशी भीती मला होती. ते म्हणाले, "बरं केलं गा भाऊ, मले काही राग नाही. सगळ्याईनं आनली त माहीही चिंता जाईन." तेव्हापासून आमच्याकडे पाच-सहा जण आपापली तुरटी नेतात. घरातही हाच नियम असावा: बाप-लेकांनी, भावा-भावांनी एकच ब्लेड वापरू नये.

दाढी-मिशी राखणाऱ्यांसाठी

ट्रिमर घेताना त्याच्यासोबत किती लांबीचे कंगवे येतात आणि एका चार्जिंगवर तो किती वेळ चालतो, एवढे पाहावे. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून तो रात्रीच भरून ठेवावा. ट्रिमर कोरड्या दाढीवर चालवावा, मोठ्या लांबीच्या कंगव्याने सुरुवात करून हळूहळू खाली यावे, पात्यांतले केस ब्रशने झाडावेत आणि अधूनमधून सोबत मिळालेल्या तेलाचा थेंब सोडावा. गळ्यावरची रेषा कंठमण्याच्या बोटभर वर ठेवावी. ती जबड्याच्या हाडावर आणली की बोलताना चेहरा विचित्र दिसतो.

कपाशी वेचताना, तुरीचे किंवा सोयाबीनचे खळे करताना दाढीत धूळ बसते, म्हणून दाढी राखणाऱ्याने ती रोज मुळापर्यंत धुतली पाहिजे. तेलाच्या बाबतीत खोबरेल किंवा तिळाचे घरचे तेल पुरते. जवसाचे तेल मात्र दाढीला लावू नये. विदर्भात जवस घरोघरी असतो आणि खाण्याला तो चांगलाच, पण त्याचे तेल हवेत सुकून घट्ट होते, रंगकामात ते त्याचसाठी वापरतात, आणि दाढीत त्याचा चिकट थर बसतो.

मिशीला कलप लावणाऱ्यांनी पाकिटावर पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायमाइन, रंगातले एक रसायन) हे घटकनाव शोधावे. काळी मेहंदी म्हणून मिळणाऱ्या पुडीतही ते बहुधा असते. कित्येकांना त्याची जोरदार ॲलर्जी होते, ओठ आणि डोळे सुजतात. प्रत्येक वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी, गेल्या वेळी काही झाले नव्हते तरीही, आणि हे पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

दाढीत गोल चट्टा उठला, खाज आली, केस सहज उपटून येऊ लागले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि गुरांच्या अंगावरचे गजकर्ण धार काढताना माणसाला लागते, हे गोठा असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. माझ्या स्वतःच्या जबड्यावर असा चट्टा आला होता. तालुक्याच्या गावी एका औषध दुकानातून मागून आणलेल्या मलमाने चार दिवसांत खाज गेली, आणि महिन्याभरात चट्टा तिप्पट झाला. त्या मलमात स्टेरॉइड होते. त्याने लाली दबते आणि आत बुरशी फोफावते. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या. दाढीतल्या बुरशीला नुसते मलम बहुधा पुरत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही लावू नये आणि तोवर त्या जागी ब्लेड फिरवू नये.

दुसऱ्याची दाढी करताना

बाबांना लकवा झाल्यावर दोन वर्षे त्यांची दाढी मीच करत होतो. वृद्धाची कातडी पातळ व सैल असते आणि पडलेल्या बाजूचा गाल आतून फुगवणे त्यांना जमत नाही. मी त्यांना दोन उशांवर टेकवून बसवत असे, हनुवटीखाली दुपट्टा अंथरत असे, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी सुरकुती सपाट केल्याशिवाय ब्लेड टेकवत नसे. फेस तोंडात जाऊ नये म्हणून ओठांजवळ तो कमी लावावा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ब्लेडऐवजी ट्रिमर वापरावा. मधुमेह असेल, तर छोट्या जखमेकडेही लक्ष ठेवावे. दाढी झाली की बाबा चांगला हात उचलून हनुवटीवरून फिरवत आणि एखादा खुंट राहिला असेल, तर बोट तिथेच थांबवत. मग तेवढ्या जागेला पुन्हा फेस लावायचा.

वापरलेले ब्लेड उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि तिथे निंदण करणाऱ्या बायांचे हात मातीत असतात. शिवाय गुरे चारा चावून निवडत नाहीत. वैरणीसोबत गिळलेला धातूचा तुकडा त्यांच्या पोटात अडकतो आणि तिथून हृदयापर्यंत टोचत जातो. बिस्किटाच्या किंवा दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चाकूने एक चीर पाडावी, झाकण पक्के लावावे आणि जुने ब्लेड त्या चिरेतून आत सोडावे. असा एक डबा एका माणसाला कित्येक वर्षे पुरतो. तो भरल्यावर चीर ठोकून बंद करावी आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून मगच द्यावा.